बाकावर बसून युरोप कशाला बघायचा?

युरोपची सहल म्हटली की आपली पहिली चौकशी असते थंडीची आणि जेवणाची. पायांची चौकशी कुणी करत नाही. तिकडच्या जुन्या शहरांत बस लांबच थांबते आणि पुढे सगळी दगडी फरसबंदी. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. मग गुडघे कुरकुरणाऱ्या किती तरी जणी तिसऱ्या दिवसापासून ‘तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच’ म्हणत बाकावर बसून राहतात. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे खर्चून बाक बघायचा!

२०१४ च्या जूनमध्ये बर्लिनला आम्ही चौघींनी यावर सेगवेचा उपाय करून बघितला. शेजारी शेजारी दोन चाकं, मध्ये उभं राहायला पाटासारखी जागा आणि हातात दांडा. अमेरिकेच्या डीन केमन यांनी हे यंत्र डिसेंबर २००१ मध्ये जगापुढे आणलं. त्याआधी त्यांनी तोल सांभाळणारी, जिने चढणारी चाकाची खुर्ची तयार केली होती. त्याच विद्येतून हे जन्माला आलं. याला ना ब्रेक, ना ॲक्सिलरेटर. पुढे झुकलं की चालतं, मागे रेललं की थांबतं. आपण चालताना अंग पुढे जातं आणि पडू नये म्हणून पाऊल टाकतो ना, ते पाऊल टाकायचं काम इथे चाकं करतात.

निघण्याआधी हेल्मेट देतात, अंगणात थोडा वेळ शिकवतात. साडीला सरळ नकार, काठ चाकात जाईल म्हणून. आमच्यातली एक लगबगीने पंजाबी ड्रेस घालून आली. वजन विचारलं तेव्हा मात्र चौघीही गप्प! पण ते विचारायलाच हवं. ४५ किलोच्या आत वजन असेल तर मागे रेलूनही यंत्र नीट थांबेलच असं नाही. जडपणालाही मर्यादा आहे, पण इथे सडपातळ बाई अडते याचंच आम्हाला हसू आलं.

बर्लिन सपाट आणि रुंद, सायकलींचे रस्ते वेगळे. एकामागे एक, बदकांसारख्या आम्ही निघालो. ब्रँडेनबुर्ग गेट, काचेच्या घुमटाची संसद, टियरगार्टनची गर्द झाडी. एका ठिकाणी गाइडने थांबवलं. रस्त्यात दगडांच्या दोन ओळी होत्या, बाकी काही नाही. १९६१ ते १९८९ तिथे भिंत उभी होती. माझं एक चाक पूर्व बर्लिनच्या बाजूला, दुसरं पश्चिमेच्या. घरंच्या घरं जिने तोडली, ती रेघ एवढीशी. बसच्या खिडकीतून ती दिसली नसती.

पाय दुखत नाहीत असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन तास उभं राहून तळवे बधिर होतात, पोटऱ्या भरून येतात. लांब चालवत नाही पण उभं राहवतं, अशीसाठीच हे ठीक. तोल जाणाऱ्या किंवा दिवस राहिलेल्या बाईने वाटेलाच जाऊ नये. २०१० मध्ये तर या कंपनीचे मालक जिमी हेसेल्डन सेगवेसकट कड्यावरून पडून गेले.

प्रागला आम्ही पायीच फिरलो. तिथे अरुंद गल्ल्यांतून सेगवेंची रांग आली की पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायका भिंतीला चिकटून उभ्या राहत. आमच्या मौजेपायी त्यांनी आपल्याच दारात अंग चोरायचं? २०१६ साली प्रागने जुन्या भागातून सेगवे हद्दपार केली, ते बरंच झालं. २०२० मध्ये कंपनीने हे मूळ यंत्र बनवणंच थांबवलं. म्हणून जिथे अशी सहल मिळेल, तिथे यंत्र किती जुनं आहे हे विचारायला लाजू नका. शहर सपाट आहे का, वाट कुठून जाते, हेही विचारा.

आणि निघण्याआधी सहीला एक कागद पुढे करतात. पडलात तर जबाबदारी तुमची, असं त्यात असू शकतं. घाईत सही करू नका, कुणाकडून तरी वाचून घ्या. परदेशातल्या दवाखान्याचं बिल आपल्याला झेपणारं नसतं. प्रवासाचा विमा काढतानाच एजंटाला विचारा, आणि सेगवेचं नाव घेऊन विचारा. नुसतं ‘फिरताना काही झालं तर?’ म्हटलं की सगळेच हो म्हणतात.