दवाखान्याची पाटी
वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद. रुग्णच दारातून परतला तर उरलेले तिन्ही व्यर्थ. पवईच्या उंच इमारतींत घरकाम वा पहारा करणारे पुष्कळजण दुपारी मोकळे होतात; नेमका तेव्हाच आमचा दवाखाना बंद असे. आता आठवड्यातून दोन दुपारी आम्ही तो उघडा ठेवतो.

पाटीवर नाव व नोंदणी क्रमांकासोबत तपासणीची वेळ, सुट्टीचा वार, शुल्क आणि ‘जुने कागद, चालू औषधे सोबत आणावीत’ ही सूचना मराठी-हिंदीत असावी. औषधविक्रेत्यांनीही ती दुकानात लावावी. छातीत दुखल्यास वा धाप लागल्यास दवाखाना उघडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ही ओळ मात्र सर्वांत वर हवी.