लाल शाईची खूण

१९९३ साली मी आमच्या बँकेच्या घाटकोपर शाखेत अधिकारी होतो. उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे मस्टरवर लाल शाईने खूण करणे माझ्याकडे होते आणि ते काम मी, आता सांगायला लाज वाटते, मोठ्या निष्ठेने करीत असे. मुलुंडहून येणाऱ्या एक क्लार्कबाई दर महिन्याला तीन-चार दिवस हमखास उशिरा येत. पाचव्या महिन्यात मी त्यांना मेमो दिला. बाईंनी मुकाट्याने सही केली आणि काउंटरवर जाऊन बसल्या.

कारण कळले ते आमच्या घरच्या हळदीकुंकवाला, तेही बायकोमार्फत. बाईंना पाळी महिनोन्‌महिने येत नसे. डॉक्टरांनी क्लोमिफिनच्या गोळ्या दिल्या होत्या. स्त्रीबीज किती वाढले ते पाहायला एक दिवसाआड सोनोग्राफी, आणि ते सेंटर उघडायचे दहाला.

त्याआधी सात वर्षे, ६ ऑगस्ट १९८६ रोजी, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली होती. वर्तमानपत्रे त्या बातमीने भरून गेली. पण उपनगरातल्या कितीतरी जोडप्यांची गोष्ट त्याच्या फार अलीकडे, पाच दिवसांच्या गोळ्यांपाशी सुरू होते. तिची बातमी होत नाही.

ही गोळी काम कशी करते ते मला बँकेच्या भाषेतच समजले. बीजकोशातून निघणाऱ्या इस्ट्रोजेनवर मेंदूचे लक्ष असते. क्लोमिफिन ते मेंदूला दिसू देत नाही. म्हणजे तिजोरीत रोकड असताना हेड ऑफिसला ‘शिल्लक नाही’ असे कळवायचे! तिकडून घाईने भरणा येतो, म्हणजे बीज वाढवणारे संप्रेरक. अमेरिकेत या औषधाला १९६७ साली मान्यता मिळाली. जुळ्यांची शक्यता थोडी वाढते, म्हणून देखरेख हवी. इंजेक्शनांची कथा याहून नवलाची. ती पहिल्यांदा बनली पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीपासून, आणि ती गोळा केली इटलीतल्या मठांमधल्या वृद्ध नन्सकडून. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या बायकांनी किती घरचे पाळणे हलवले असतील!

क्लार्कबाईंच्या फायलीत त्यांच्या तपासण्यांचा गठ्ठा होता. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा साधा कागद नव्हता. त्याने साफ नकार दिला होता. सोमवारचे उपास मात्र बाईच करीत होत्या.

२०१९ साली हीच वेळ बोरिवलीला दिलेल्या माझ्या मुलीवर आली. निदान पीसीओएसचे. तिच्या डॉक्टरीणबाईंनी आधी जावयांना तपासणीला पाठवले, मगच औषध लिहिले. ते होते लेट्रोझोल. रात्री अकराला तिचा फोन: “बाबा, माहितीपत्रकावर स्तनाचा कर्करोग लिहिलंय!” ते खरेच होते, औषध मूळचे त्यासाठीचे. हे औषध इस्ट्रोजेन लपवत नाही, तात्पुरते कमी करते. रोकड खरोखरच घटते. २०११ साली आपल्या सरकारने वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली होती, ती पुढे उठली. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफिन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्क्यांना. म्हणजे उरलेल्या बहात्तर जणी रिकाम्या हाती राहिल्या, हेही त्याच हिशेबात धरायचे. (मुलीला मी तेव्हा पहिलाच आकडा सांगितला.)

सोनोग्राफीला तिच्याबरोबर मी जात असे. बाकड्यावर बसलेल्या बहुतेक जणींच्या खांद्याला ऑफिसची पर्स, नजर घड्याळाकडे. मुलीला तिसऱ्या महिन्यात दिवस राहिले.

मागल्या वर्षी मुलुंडला निवृत्तांच्या मेळाव्यात त्या क्लार्कबाई भेटल्या. मूल झाले नाही, हे त्यांनीच सांगितले. मी मेमोबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, “साहेब, तेव्हा खरं कारण लिहून दिलं असतं, तर तुम्ही ते कोणत्या फायलीत लावलं असतंत?”

मला उत्तर देता आले नाही.