कामगार-पंचायतींचा साम्यवाद आणि कोकणचा गिरणी कामगार

रशियन ‘सोव्हिएट’ आणि जर्मन ‘राट’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ ‘सल्ला’. त्यांना मराठीत ‘परिषद’ म्हणावे, तर अधूनमधून भरणारे संमेलन डोळ्यांपुढे येते. ‘पंचायत’ म्हणावे, तर गावकी डोकावते. तरीही दुसराच शब्द सोयीचा. कारण येथे अभिप्रेत आहे ती कारखान्यातील सर्व कामगारांनी निवडलेल्या, केव्हाही परत बोलावता येणाऱ्या प्रतिनिधींची स्थायी संस्था होय.

१९१८ च्या जर्मन क्रांतीत अशा पंचायती ठिकठिकाणी उद्भवल्या. त्या अनुभवातून आंतोन पानेकूक, हेर्मान गॉर्टर प्रभृतींनी जो साम्यवाद मांडला, त्याचा लेनिनवादाशी वाद सत्ता कोणाच्या हाती असावी याविषयी होता. लेनिनच्या मते वर्गाचे नेतृत्व शिस्तबद्ध पक्षाने करावयाचे. पानेकूकच्या मते पक्षाने फार तर विचार स्पष्ट करावा, निर्णय पंचायतींचा. संघसत्तावादी कामगार संघाला भावी समाजाचा पाया मानतात. पंचायतवाद्यांना मालकाशी वाटाघाटी करणारा संघही संशयास्पदच वाटतो. अराजकवाद्यांशी त्यांचे बरेच जुळते, पण मार्क्सचे वर्गविश्लेषण ते सोडीत नाहीत.

मुंबईत या कल्पनेच्या जवळ आल्या त्या गिरणी कामगार युनियनच्या गिरणी-समित्या. १९२८ च्या संपात सुमारे दीड लाख कामगार होते. त्यानंतर या समित्या खात्यांतील तक्रारी घेऊन थेट व्यवस्थापकांपुढे उभ्या राहू लागल्या, आणि प्रसंगी पुढाऱ्यांना न विचारता काम बंद पाडू लागल्या. तथापि त्या युनियनच्या शाखा होत्या, सर्व कामगारांच्या पंचायती नव्हत्या. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढारी पकडले गेले, त्या वर्षीचा संप फसला, आणि समित्याही विस्कळीत झाल्या.

याहून मूलगामी भेद कोकणात सापडतो. लेनिनला १९२० मध्ये लिहिलेल्या अनावृत पत्रात गॉर्टरचा मुख्य मुद्दा असा, की रशियन कामगाराला गरीब शेतकऱ्याची साथ होती. पश्चिम युरोपात तो एकटा आहे, म्हणून रशियन डावपेच तेथे चालावयाचे नाहीत. मुंबईचा कामगार मात्र एकटा नव्हता. पुष्कळदा तो स्वतःच शेतकरी होता. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका भातशेतीच्या हंगामात चालला. संप लांबला, की कामगार रत्नागिरीकडे, कुलाब्याकडे किंवा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात असलेल्या श्रीवर्धनसारख्या भागाकडे, आपल्या गावी परतत. संप टिकला तो या आधारावरही. पण गावी कामगाराचा कूळ होई, आणि तेथे गिरणी-समितीचा अंमल नव्हता. अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ पर्यंत कुळांनी खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, तेव्हा निर्णयाचे एकक कारखाना नव्हते, गाव होते.