डेव्हन अ‍ॅव्हेन्यू : एका पेठेची पन्नास वर्षे

शिकागोच्या उत्तर भागातल्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला आपण मराठी मंडळी सहज ‘आपली डेव्हन’ म्हणतो. खरे पाहता तिथे मराठी वस्ती अशी कधीच नव्हती, आणि मराठी माणसाचे दुकान तर शोधूनच काढावे लागे. तरीही इथल्या मराठी संसारांचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्याने सुरुवात याच रस्त्यावरून करावी असे माझे मत आहे. मंडळांच्या अहवालांत गणेशोत्सव सापडतो, नाटके सापडतात. घरोघरी काय शिजत होते आणि ते कुठून येत होते, याची नोंद मात्र कुठेच नसते.

हा रस्ता आपल्या आधी बऱ्याच जणांचा होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकात त्याचे नाव चर्च रोड होते आणि भोवती लक्झेंबर्ग व जर्मनीतून आलेल्या शेतकऱ्यांची शेते होती. १८८०च्या दशकात एका जमीन-विकासकाने त्याला फिलाडेल्फियाजवळच्या डेव्हन या गावाचे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे ज्यू वस्ती आणि त्यांची दुकाने भरभराटीला आली. पुढे त्यांची तरुण पिढी स्कोकीसारख्या उपनगरांकडे सरकली, गाळे रिकामे होऊ लागले आणि भाडी आवाक्यात आली. नेमक्या याच वेळी आपण आलो.

आपण आलो ते १९६५च्या कायद्यामुळे. त्याने देशावार कोट्याची जुनी पद्धत मोडली. पहिल्या खेपेत डॉक्टर, इंजिनीयर, संशोधक असे शिकलेले लोक आले. मराठी माणसे बहुतेक यातलीच. त्यांना नोकरी होती, गाडी होती, पण तुरीची डाळ नव्हती. १९७३ साली डेव्हनवर इंडिया सारी पॅलेस उघडले आणि १९७४ साली मेहसाणा जिल्ह्यातून आलेल्या मफत आणि तुलसी पटेल यांनी पटेल ब्रदर्सचे छोटेसे दुकान थाटले. आज त्याच नावाची पन्नासहून अधिक दुकाने देशभर आहेत.

दुकानदारी गुजराती, सिंधी, पंजाबी, हैदराबादी मंडळींनी केली. आपण गिऱ्हाईक राहिलो. नोकरी सोडून गल्ल्यावर बसणे आपल्याला मानवले नाही, हे आपण मान्य करायला हवे. त्याचा परिणाम थेट भाषेवर झाला. पोह्यांच्या पुडीवर ‘पौआ’ लिहिलेले, तूर ‘तुवेर’ झालेली, तीही तेल लावलेली की बिनतेलाची हे विचारून घ्यायची. इथे जन्मलेल्या कित्येक मुलांनी घरातल्या जिन्नसांची नावे आधी गुजरातीतून वाचली आणि मग आईकडून मराठीतून ऐकली.

विस्कॉन्सिन, इंडियाना, आयोवा इथून लोक सकाळी निघून येत आणि महिन्या-दोन महिन्यांचे सामान भरून नेत. वाणसामान ही एक बाजू झाली. बावीस कॅरेटचे दागिने, हिंदी चित्रपटांच्या कॅसेट्स, मोठ्या बॅगा, आणि विशेष म्हणजे २२० व्होल्टवर चालणारी उपकरणे विकणारी दुकानेही इथे होती. भारतात जाताना न्यायचा टीव्ही नाहीतर व्हीसीआर या दुकानांतून जाई. देशाबाहेर पडलेल्या माणसाने घरी काय पाठवले हे पाहायचे असेल, तर त्या दुकानांसारखा पुरावा नाही.

रस्त्यावर शिकागो महापालिकेच्या तपकिरी मानद पाट्याही आहेत. वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेला गांधी मार्ग, पूर्वेला मोहम्मद अली जिना मार्ग, आणखी पश्चिमेला गोल्डा मेयर यांचे नाव. उपखंडाची फाळणी इथे एका सिग्नलवर उरकते आणि पायी ओलांडता येते. हलाल मांसाचे दुकान आणि शुद्ध शाकाहारी खानावळ शेजारी शेजारी नांदतात, हे मला त्या पाट्यांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते.

आता ‘डेव्हन संपली’ असे वारंवार ऐकू येते. नेपरव्हिल, शॉमबर्गला मोठी दुकाने झाली, तिथे गाडी लावायला प्रशस्त जागा आहे. मग डेव्हनच्या गर्दीत जाऊन गाडी कुठे लावायची ही चिंता कोण करणार? मात्र आपण जायचे थांबलो म्हणून रस्ता थांबलेला नाही. २०१६ साली तिथे रोहिंग्या सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. जवळच कॅलिफोर्निया अ‍ॅव्हेन्यूवर इंडो-अमेरिकन सेंटरने १९९०पासून नव्याने आलेल्यांना इंग्रजी आणि नागरिकत्वाचे धडे दिले आहेत. ज्यूंची दुकाने गेली तेव्हा त्यांच्यातलेही कोणी ‘डेव्हन संपली’ म्हणाले असणारच.

संपत आहेत ती पहिल्या पिढीची माणसे आणि त्यांचे कागद. लोंबार्डला नॅशनल इंडो-अमेरिकन म्युझियमची इमारत झाली, ही चांगली गोष्ट घडली. पण मराठी घरांचा भाग तिथे आपोआप पोहोचणार नाही. तळघरातल्या खोक्यांत जुनी बिले, दुकानांची कॅलेंडरे, छापील पिशव्या, आईच्या हातची सामानाची यादी असेल. यादी मराठीत असेल आणि मुलांना ती बहुधा वाचता येणार नाही. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा ती आईकडूनच वाचून घ्यावी, आणि कोणत्या साली, कोणासोबत, कोणाच्या गाडीतून ते सामान आणले, हे मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावे.