पत्रा सांधताना गॅस हवा की नको?

कोकणच्या खाऱ्या हवेत जीप किंवा टेंपो काही पावसाळे उघड्यावर उभा राहिला, की दाराखालचा पत्रा आधी जातो. मग गाडी वेल्डरकडे जाते. तो विचारतो, "गॅसवर करू, की बिनगॅसची तार लावू?" मालक म्हणतो, "स्वस्तात होईल ते करा!" पण मंडळी, इथं खर्चाआधी दोन गोष्टी पाहायच्या असतात: पत्रा किती जाड आहे आणि वारा किती आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. गॅस वेल्डिंग म्हटलं, की आपल्याला ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत आठवते. इथं तो गॅस नव्हे. या यंत्रातून बारीक तार एकसारखी पुढे सरकते आणि विजेच्या ठिणगीनं वितळून जोडात उतरते. गॅस असतो तो केवळ राखणीला. वितळलेल्या लोखंडात हवेतला ऑक्सिजन व नायट्रोजन शिरला, तर जोडात छिद्रं पडतात. जाळी अनारशाला शोभते, जोडाला नव्हे! म्हणून तारेभोवती आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, किंवा नुसता कार्बन डायऑक्साइड सोडतात.

बिनगॅसच्या तारेत ही राखण तिच्या पोटातच असते. तार आतून पोकळ, आणि त्या पोकळीत भुकटी भरलेली. भुकटी जळून वायू होतो, आणि जोडावर खपली धरते.

आता निवड कशी करावी? दाराचा, मडगार्डचा पत्रा बहुधा १ मिलिमीटरहून पातळ असतो. त्याला ०.६ मिलिमीटरची भरीव तार आणि आर्गॉनचं मिश्रण चांगलं. कमी उष्णतेत काम होतं, जोड स्वच्छ येतो. बिनगॅसची तार सहसा ०.८ किंवा ०.९ मिलिमीटरची. तिच्या ठिणग्या फार उडतात, आणि पातळ पत्र्याला चटकन भोक पडतं. मात्र उघड्या अंगणात वारा सुटला, की राखणीचा गॅस उडून जातो. तिथं ट्रॉलीच्या ३ मिलिमीटर जाडीच्या फाळक्यासारख्या कामाला बिनगॅसची तारच उपयोगी पडते. तिची खपली मात्र ठोकून, घासून काढावी. नाहीतर रंग सुटतो आणि खाली पुन्हा गंज धरतो.

तार बदलली, की यंत्रातल्या जोडण्याही पाहाव्यात. गॅसच्या भरीव तारेला धन टोक लागतं, तर बिनगॅसच्या तारेला बहुधा ऋण. हे न पाहता पुष्कळजण तारेलाच दोष देतात.

तार कोणतीही असो, काही नियम सारखेच. गंजलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून काढावा. सलग रेघ ओढू नये. लांब लांब टाके घालून मधल्या जागा थांबत थांबत भराव्यात, म्हणजे पत्रा लहरत नाही. आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. पेट्रोलच्या टाकीजवळ, मग ती रिकामी का असेना, ठिणगी नेऊ नये. जस्ताचा मुलामा असेल तर तो घासून काढावा, कारण त्याच्या धुरानं थंडीताप भरतो. डोळ्यांवर काळ्या काचेचा मुखवटा हवाच. बंद खोलीत गॅस साचू देऊ नये. तो हवेपेक्षा जड असून माणसाला गुदमरवतो.

आणि चेसिस, स्टिअरिंगचे आधार किंवा सीटबेल्टची जागा असेल, तर ठिगळावर भागवू नये. तिथला जोड सुटला, तर माणूस जातो. ते काम कंपनीची रीत जाणणाऱ्या कारागिराकडेच द्यावं.

शिक्षक बंधुभगिनींनी शाळेच्या कार्यशाळेत एक प्रयोग जरूर करून दाखवावा. त्याच जाडीच्या दोन पट्ट्या कारागिराकडून सांधून घ्याव्यात, थंड झाल्यावर शिकंजात धरून वाकवाव्यात. जोडाशेजारचा पत्रा वाकला आणि जोड टिकला, तर जोड पक्का. जोडच फाटला, तर पुन्हा जुळणी करावी. गाडीला हात लावण्याआधी प्रत्येक वेल्डरनं हीच परीक्षा घ्यावी, आणि मालकानं ती मागून घ्यावी.