मळ्यावरची वाइन

रोजच्या जेवणाला वाइन हवी, तर बोर्दोची बडी नावे कशाला? दक्षिण फ्रान्समध्ये, लांगदॉकच्या मुलखात मी ‘व्हाँत दिरेक्त’ म्हणजे थेट विक्रीची पाटी शोधतो नि खुशाल आत शिरतो. मळेवाला चव घ्यायला देतो. थुंकायला भांडेही असते. (मी गिळतो, ती गोष्ट वेगळी!) गावकरी रिकामे कॅन आणून लिटरच्या भावाने भरून नेतात. भेसळ नि कोसळते भाव यांविरुद्ध १९०७ साली इथलेच मळेवाले लाखोंनी रस्त्यावर उतरले होते. दलाल वगळला की त्यांच्या पदरात चार पैसे जास्त पडतात. बाटलीवर मात्र ‘मीझाँ बुतेय ओ दोमेन’, अर्थात ‘मळ्यावरच भरली’, ही ओळ पाहावी. आणि दुपारी बारा ते दोन जाऊ नये. तेव्हा मळेवाला जेवत असतो.