शुगर वाढली म्हणजे पोरानं चोरून खाल्लंच असं नाही

दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री वही भरली जाते. महिनाभराचे आकडे, एकाच पेनानं, एकाच बैठकीत: ११०, १२५, ११८, १३२. टाइप वन मधुमेह असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे डॉक्टर अशी वही लांबूनच ओळखतात, कारण इतके गुणी आकडे कुणाच्याच रक्तात सापडत नाहीत. वही खोटी असते, कबूल. पण खोटं लिहायला लेकरू शिकतं ते घरीच. मशीनवर ३१० दिसले की आई विचारते, "काय खाल्लं तू?" वडील तेवढंही विचारत नाहीत, थेट निकाल देतात. असा खटला दोन-चारदा चालला की पुढचा आकडा घरापर्यंत पोचतच नाही.

शुगर वाढली म्हणजे पथ्य मोडलं, हा समज इतका पक्का आहे की त्यापुढे बाकीचे गैरसमज किरकोळ वाटावेत. कधी कधी पोरानं खाल्लेलं असतंही. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यासारख्या गावात आकडा बिघडवणारे दुसरे आरोपी पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही.

पहिला आरोपी वय. वयात येताना शरीरात वाढीची संप्रेरकं जोरात असतात आणि ती इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. तोच भात, तीच भाकर, तेवढंच इंजेक्शन, तरी आकडा चढा. लहानपणी वजनाच्या दर किलोला दिवसाला एका युनिटच्या आत भागत असलं, तर या वयात ते एकाच्या वर, कधी दीडच्या आसपास जातं. बऱ्याच मुलींची शुगर पाळी यायच्या आधी काही दिवस वाढते. पहाटे काहीही न खाता शुगर चढते. डोस वाढवावा लागला म्हणजे रोग बळावला असं नाही, आणि मूल बिघडलं असंही नाही.

दुसरा आरोपी आपला उन्हाळा. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे जातो. न उघडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली बाटली २५ ते ३० अंशांच्या आत राहिली तर साधारण चार आठवडे टिकते. दुपारी स्कूटीच्या डिक्कीत राहिलेली, एसटीच्या खिडकीशी दप्तरात तापलेली बाटली वरून जशीच्या तशी दिसते, पण आतलं औषध कमजोर झालेलं असतं. मग पोरगं इमानदारीनं सुई टोचतं, शुगर उतरत नाही, आणि बोलणी त्यालाच. दोन दिवस कारण सापडत नसेल तर आधी बाटली बदलून बघावी.

"फ्रीज नाही, तर इन्सुलिन ठेवणार कुठं?" हेही नेहमी ऐकू येतं. मडक्यात. एका मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, आतल्या मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधलेली बाटली, वरून ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वारा लागेल अशा जागी. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं हे चालतं. आपली कोरडी हवा इथं उपयोगी पडते. पावसाळ्यात हवेत ओल असली की मडकं तेवढं गार होत नाही, पण तेव्हा उष्माही कमी असतो. फ्रीज असलेल्या घरांतली चूक वेगळीच. जास्त गार म्हणजे जास्त चांगलं, असं समजून बाटली बर्फाच्या कप्प्यात जाते. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलं असतं.

बारीकसारीक आरोपीही आहेत. आंबा चोखून हात न धुता बोट टोचलं तर मशीन बोटावरचा रसच मोजतं. रोज पोटावर त्याच जागी सुई टोचली की तिथं मऊ गाठ होते आणि त्या गाठीत दिलेलं इन्सुलिन धड रक्तात उतरत नाही. मुलं तिथंच टोचतात, कारण तिथं दुखत नाही. हात फिरवून बघितलं तर गाठ लागते.

आणि एक फसवा साक्षीदार, खास आपल्या भागातला. चंद्रपूर-गडचिरोली हा सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा पट्टा. तीन महिन्यांची शुगर सांगणारी तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि अहवाल खोटा चांगला येतो. घरी सगळे खूश, आत शुगर वाढलेली. केवळ वाहक असलेल्यांत पेशी सहसा नेहमीइतक्याच जगतात, पण तपासणीच्या काही पद्धती तिथंही गडबडतात. तेव्हा सिकलसेलचं कार्ड असेल तर ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला आधी दाखवावं. अशा वेळी बोटाच्या तपासण्या किंवा फ्रुक्टोसामाइनची चाचणी जास्त भरवशाची.

मुळात टाइप वन मधुमेह खाण्यातून येत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट होतात. लाडानं भरवलेल्या जिलेबीचा यात दोष नाही, आईच्या गरोदरपणातल्या खाण्याचाही नाही. तरीही आजी वर्षानुवर्षं स्वतःला बोल लावत बसते.

जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याचा रस यांच्यावर मी फार शाई घालवणार नाही. नष्ट झालेल्या पेशी त्यांनी परत येत नाहीत. "इन्सुलिनची सवय लागते" या वाक्याचं उत्तर मात्र १९२२ सालातच मिळालं आहे. त्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन दिलं गेलं. तेव्हा त्याचं वजन जेमतेम तीस किलो होतं, कारण त्या काळी उपाशी ठेवणं हाच उपचार होता. पहिली मात्रा अशुद्ध निघाली. बारा दिवसांनी शुद्ध केलेली दिली आणि पोरगं सावरलं. नंतर तो तेरा वर्षं जगला. इन्सुलिन ही सवय असेल तर श्वासही सवयच म्हणायचा. उलटी होतेय, जेवण गेलं नाही, म्हणून इंजेक्शन साफ बंद करणं सर्वांत धोक्याचं: एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठतं, श्वास खोल आणि जलद होतो, शुद्ध हरपते. आजारपणात डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना विचारावं, पण पूर्ण थांबवू नये.

"आता मोठा झाला, त्याचं तो बघेल" हे वाक्य मला वहीतल्या खोट्या आकड्यांइतकंच खोटं वाटतं. सोळाव्या वर्षी मुलगा डवरणीला जातो, दुचाकी चालवतो, म्हणून रोजच्या चार सुया आणि चार तपासण्या एकट्यानं, न कंटाळता, वर्षानुवर्षं सांभाळेल असं नव्हे. सुई त्यानं टोचावी. शेजारी कुणीतरी बसावं, गप्पा मारत का होईना. आणि ३१० आला तर "काय खाल्लं" ऐवजी "किती घ्यायचं आता?" हे विचारावं. आकडा दोन्ही वेळी तोच, पण दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर देता येतं.

खर्चाचं कारण पुढं येतं आणि ते खरंही आहे. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू केला तो गरीब घरातल्या टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन मिळावं म्हणूनच. आधी उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, मग नागपूरची गाडी धरावी. दहावी-बारावीच्या परीक्षेत बिस्किट, मशीन, सुई जवळ ठेवता येणार नाही, हाही समजच. सीबीएसईनं २०१७ मध्ये खाऊला परवानगी दिली, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं सगळ्या राज्यांना तसं कळवलं. डॉक्टरांची चिठ्ठी परीक्षेच्या पुष्कळ आधी मुख्याध्यापकांकडे द्यावी, एवढंच.

राहिली मुलगी. "लग्न ठरेपर्यंत कुणाला सांगू नका." बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये ज्या वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्या गावाला रोग लपवण्याचा इतिहास वेगळा सांगायला नको. टाइप वन असलेल्या बाईला, शुगर आवाक्यात असेल तर, सुदृढ मूल होतं. आणि आईला असला तरी शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांना हा आजार होत नाही. लपवल्यानं मात्र रोज काहीतरी बिघडतं. मुलगी शाळेच्या बाथरूममध्ये घाईनं सुई टोचते किंवा टाळते. शुगर ७० च्या खाली गेली की ती थरथरते, घामानं भिजते, विनाकारण चिडते, आणि आजूबाजूचे म्हणतात, उद्धट झाली. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता एका कुशीवर वळवून १०८ ला फोन. हे सगळं निदान बाकावर शेजारी बसणाऱ्या एका मैत्रिणीला तरी ठाऊक हवं, आणि साखरेची पुडी दप्तराच्या कुठल्या कप्प्यात आहे तेही.